सासऱ्यांची पायरी आणि पाच इंच

पृथ्वी घडवली जात होती तेव्हा पाणसळ तिथे हजर नव्हते, हे आपलं सगळ्यांचं भाग्य. असते, तर अजून ते पहिल्याच मैदानावर पालथे पडून, एक डोळा मिटून, "डावीकडून जरा उचला... अंमळ... बास, आता केसभर खाली" असं सांगत बसले असते. समुद्र भरायचे राहिले असते, आणि तुम्ही-आम्ही जन्माला येण्याची फाइल अजून कुठेतरी धूळ खात पडली असती.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पालथेच होते. नकाशा खात्याच्या कचेरीत नोकरीचा माझा पहिला दिवस. नवी साडी, नवी पेन्सिल, हातात नेमणुकीचा हुकूम. शिपायाने टेबल दाखवलं. टेबलाखालून चिखलाने भरलेले दोन बूट बाहेर आलेले, आणि बुटांत पाय. मी किंचाळले. टेबलाखालून अत्यंत शांत आवाज आला, "ओरडू नका. बुडबुडा हलतो."

त्यानंतर त्या कचेरीत जे घडलं ते एखाद्या राजाच्या शस्त्रक्रियेच्या वेळीच घडत असेल. नऊ कारकून श्वास रोखून उभे. पंखा बंद. बाहेरून जाणारी मालगाडीसुद्धा मला वाटतं चवड्यांवर गेली. मग टेबलाखालून एक हात आला. "कागद."

मी घाबरून हातातला कागद दिला. आत घड्या घालण्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने बूट मागे सरकले, आणि पन्नाशीकडे झुकलेला, काटकुळा, डोळ्यांभोवती दुर्बिणीचे वळ उमटलेला एक गृहस्थ धूळ झटकत उभा राहिला. त्याने खिशातून काचेची एक गोटी काढून टेबलावर ठेवली. गोटी जागची हलली नाही.

"आता करा बेरजा," ते म्हणाले. "तिरप्या टेबलावर बेरीज उताराकडे घरंगळते."

माझ्या नेमणुकीचा हुकूम आठ घड्या होऊन टेबलाच्या मागच्या डाव्या पायाखाली गेला होता. मी सरकारी नोकर आहे याचा एकमेव लेखी पुरावा पुढची नऊ वर्षं तिथेच राहिला. टेबल मात्र कधी डुगडुगलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

पाणसळ हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. गवंड्याकडे काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी असते ना, भिंत सरळ आहे की नाही बघायची, ती पाणसळ. हे नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण एकदा पाहिल्यावर दुसरं कुठलं नाव सुचणंच शक्य नव्हतं. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायचे, मग पाणी मागायचे. त्यांचे कल्ले कापताना न्हावी दोन्ही बाजूंना फूटपट्टी लावायचा. एका कारकुनाचं लग्न ठरलं तेव्हा यांनी मुलीचा फोटो पाहून एवढंच म्हटलं, "चौकट चांगली आहे. टांगताना काळजी घ्या."

त्यांचं काम होतं उंची मोजण्याचं. महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती, आणि सरकारच्या लक्षात आलं होतं की आपल्या नदीकाठचा नकाशा साठ वर्षांचा म्हातारा आहे. त्या नकाशात नदीकाठी कुरणं होती. प्रत्यक्षात तिथे लोखंडाचा कारखाना, कोळशाचे धक्के, रंगाच्या गिरण्या, आणि त्यांच्या कृपेने तीन ठिकाणी तीन रंगांची वाहणारी एकच नदी होती. तेव्हा नवा नकाशा करायचा ठरलं. कोणी अंतरं मोजत होतं, कोणी गल्ल्यांची नावं गोळा करत होतं. पाणसळ जमीन किती वर आहे ते मोजत.

मला हे सगळंच नवल वाटायचं. डोंगराला उंची असते हे शाळेत शिकवतात, पण भाजीच्या दुकानालाही असते हे कोण सांगतं? पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "म्हणजे मी आत्ता इथे बसलेय, त्याचीपण उंची असते?"

"असते म्हणजे? समुद्रापासून एकशे एक्क्याण्णव फूट चार इंच," ते मान वर न करता म्हणाले. "उशी काढलीत तर तीन इंच."

"समुद्र तर इथून दोन दिवसांच्या अंतरावर आहे."

"मग? मोजत मोजत यायचं."

आणि खरोखर तेवढंच असतं ते. एका माणसाने अंकांची उंच पट्टी घेऊन उंची माहीत असलेल्या खुणेवर उभं राहायचं. दुसऱ्याने थोडं पुढे दुर्बीण रोवायची, बुडबुडा मध्ये आणायचा, आणि पट्टीवरचा आकडा वाचायचा. मग पट्टीवाला दुर्बिणीच्या पलीकडे जाऊन उभा राहतो, तिथलाही आकडा वाचायचा. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे जमीन किती चढली-उतरली ते. मग दुर्बीण उचलायची आणि पुढे चालू पडायचं. असं करत करत, मुंगी साखरेचा दाणा नेते तशी, समुद्राची पातळी देशभर वाहून न्यायची. वाटेत दगडावर बाण कोरून ठेवायचे: ही खूण, हिची उंची इतकी. पुढच्याने इथून सुरुवात करावी. आणि ही मोजणीची रांग संपवायची ती दुसऱ्या एखाद्या जुन्या खुणेवर. तिथे आपला आकडा आणि जुना आकडा जुळला की काम खरं. मैलामैलाची वही माझ्याकडे यायची, आणि तो जुळतो का, ते मी बघायची.

पाणसळांचा आकडा जुळायचाच. सहा मैलांच्या रांगेला दीड इंचाची सूट असायची. ते पाव इंचात यायचे आणि तोंड पाडून बसायचे. "पाव इंच कुठे सांडलं कोण जाणे," म्हणायचे, जणू बरणी गळत होती.

पट्टी धरणाऱ्या माणसाला सगळे 'खांब' म्हणत. अठरा वर्षं तो पाणसळांसमोर निश्चल उभा होता. एकदा कबुतर त्याच्या टोपीवर बसून विचार करून उडून गेलं म्हणतात.

आता यातली गंमतीची गोष्ट अशी, की नदीकाठची प्रत्येक रांग पाणसळ एकाच ठिकाणाहून सुरू करत. कारखान्यामागे फोरमन लोकांच्या घरांची एक ओळ होती. त्यातल्या चौथ्या घराच्या दगडी पायरीवर त्यांनी स्वतः, नोकरीच्या पहिल्या वर्षी, बाण कोरला होता. छिन्नीचा आवाज ऐकून घरातली मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, आमची पायरी का फोडताय?" पाणसळ म्हणाले, "फोडत नाही, ती समुद्रापासून किती उंच आहे ते लिहितोय." मुलगी म्हणाली, "मग आधी विचारायचं तरी. किती आहे?" त्यांनी सांगितलं, "एकशे सत्त्याऐंशी पूर्णांक बेचाळीस शतांश फूट." ती म्हणाली, "बरीच आहे की."

सहा महिन्यांनी त्यांचं लग्न झालं.

तेव्हापासून अवघ्या खोऱ्याची उंची पाणसळांच्या सासुरवाडीपासून मोजली जात होती. सरकारदरबारी याचं कारण 'खूण सोयीस्कर जागी आहे' असं होतं. खांबाच्या मते खरं कारण चहा. "दादा दुर्बीण रोवतात तोवर आतून कपबशीचा आवाज येतो," तो मला म्हणाला. "पुलाच्या खुणेवर कोण चहा देणार? नदी?"

आणि मग त्या साली आकडा जुळला नाही.

रांग पायरीपासून पुलापर्यंत, सहा मैल. पुलाच्या खांबावरच्या जुन्या खुणेची उंची दोनशे तीन पूर्णांक दोन शतांश फूट. पाणसळांची आली त्याहून फुटाचे चाळीस शतांश जास्त. म्हणजे जवळजवळ पाच इंच. मी बेरीज तीनदा केली, मग उलटी केली, मग शेजारच्या कारकुनाकडून करून घेतली. पाच इंच कुठे जाईनात.

साहेबांनी बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता, फक्त त्यांच्या वरही एक साहेब होता. "तीन महिन्यांत नकाशा छापखान्यात जायचा आहे," ते म्हणाले. "रांग पुन्हा करा. जुळली तर उत्तम. नाही जुळली, तर मग तुमचे डोळे थकले असं समजून तुम्हाला भांडारात बसवावं लागेल."

भांडार म्हणजे तंबूच्या खुंट्या मोजण्याची जागा. तिथे खिडकीसुद्धा नव्हती. पाणसळ बाहेर आले आणि कचेरीतलं कॅलेंडर सरळ करायला विसरले. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या खेपेला सगळा राग खांबावर निघाला.

"तू हलतोस," पाणसळ म्हणाले.

"मी, दादा?"

"श्वास घेतोस तेव्हा पट्टी वर-खाली होते."

"तेवढी सवलत द्या दादा. घरी लेकरं आहेत."

तीन आठवड्यांनी आकडा आला बेचाळीस शतांश. तिसऱ्या खेपेला त्यांनी दुर्बिणीवर उन्हासाठी छत्री धरायला एक माणूस घेतला, रंगाच्या गिरणीची वाफ थांबेपर्यंत तासतासभर वाट पाहिली, आणि खांबाला सकाळी न्याहारी करू दिली नाही. पाच आठवडे खपून आकडा आला सेहेचाळीस.

"मी संपलो, बाई," वही माझ्या टेबलावर ठेवत ते म्हणाले. "मोजतोय तेवढी चूक वाढतेय."

हे त्यांनी रडवेल्या आवाजात म्हटलं, पण मी नेमकी त्या वाक्यावर अडकले. चाळीस, बेचाळीस, सेहेचाळीस. थकलेल्या माणसाची चूक अशी वागत नाही. ती आज इकडे, उद्या तिकडे, दारूड्यासारखी चालते. ही चूक एकाच दिशेने, शिस्तीत, दर आठवड्याला थोडी थोडी पुढे सरकत होती. एखादी गोष्ट वाढत असेल तर ती चूक कशी? ती घटना झाली.

"पाणसळ," मी म्हटलं, "खूणच हलली असेल तर?"

ते हसले. "खूण हलत नाही बाई, म्हणून तर तिला खूण म्हणतात."

"पुलाची?"

"पूल खडकावर उभा आहे. तुम्ही-मी हलू, तो नाही हलणार."

"मग पायरी?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग, भूगर्भशास्त्राचा शेवटचा शब्द उच्चारावा तसे म्हणाले, "पायरी माझ्या सासऱ्यांची आहे."

आता खात्याचा एक नियम सांगितला पाहिजे. रांग सुरू करण्याआधी पहिली खूण जवळच्या दुसऱ्या खुणेशी ताडून बघायची असते, आणि वहीच्या पहिल्या पानावर 'तपासली' असं लिहायचं असतं. मी कपाटातून त्यांच्या जुन्या वह्या काढल्या. अठरा वर्षांच्या प्रत्येक वहीवर, सुरेख वळणदार अक्षरात, 'तपासली' लिहिलेलं होतं. पण तपासल्याचे आकडे एकाही वहीत नव्हते.

"ही पायरी कशाशी ताडून बघितलीत?" मी विचारलं.

पाणसळांचे कान लाल झाले. माझ्या टेबलाखाली सरपटणारा, चांभाराच्या दुकानातली पाटी सरळ करणारा, जगात कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस. "सासऱ्यांची पायरी तपासायची म्हणजे..." ते म्हणाले, आणि थांबले. "बरं दिसतं का ते, बाई? ते दारात उभे, हातात चहा. आणि मी त्यांच्यासमोर त्यांच्या पायरीची झडती घेऊ?"

मी उठून नकाशांच्या फडताळातून साठ वर्षांपूर्वीचा जुना नकाशा काढला. त्यावर कारखाना नव्हता, फोरमन लोकांची घरं नव्हती. मी सध्याच्या रस्त्यावरून बोट सरकवत नेलं आणि जिथे चौथं घर असायला हवं तिथे टेकवलं. बोट निळ्या रंगावर होतं. नदीने तिथे मोठं वळण घेतलं होतं, म्हशीच्या शिंगासारखं.

पाणसळ बराच वेळ वाकून बघत होते. "इथे नदी आहे," ते म्हणाले.

"होती."

पुढच्या रविवारी ते मला सोबत घेऊन सासुरवाडीला गेले. "मला एकट्याला नाही जमायचं," म्हणाले. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, आधीच पुढे गेली होती. अरुंद, दुमजली, विटांचं घर. ओळीतल्या सगळ्या घरांसारखंच. पायरीवर बाण होता, अठरा वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेला. दार उघडायला सासरेबुवांनी आतून खांदा लावला.

"लाकूड फुगतं," ते ओरडले. ते नेहमीच ओरडत. तीस वर्षं भट्टीशेजारी उभं राहिलेल्या माणसाला जग बहिरंच वाटतं. "मागच्या वर्षापासून तिसऱ्यांदा रंधा मारला! हल्ली लाकूडच चांगलं मिळत नाही. या, जावईबापू! ही कोण?"

"या आमच्या कचेरीतल्या. बेरजा करतात."

"बायका बेरजा करतात? बरंय, पुरुषांना वजाबाकीच येते."

आत बसलो. मी जिथे बघावं तिथे लाकडाचे तुकडे. कपाटाच्या एका पायाखाली चकती, टेबलाखाली फळीचा तुकडा, घड्याळामागे पुठ्ठा. सासरेबुवांनी सगळं घर एकट्याने, कुणाला पत्ता लागू न देता, सरळ धरून ठेवलं होतं. तसबिरी मात्र सगळ्या एका बाजूला कललेल्या. मी पाणसळांकडे पाहिलं. ते तसबिरींकडे अठरा वर्षांत पहिल्यांदाच बघत होते. एरवी या घरात ते पाठ ताठ करून, कप दोन बोटांत धरून, जावयासारखे बसत. सासऱ्यांच्या भिंतीला हात लावणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

मग त्यांनी खिशातून गोटी काढली आणि जमिनीवर ठेवली.

गोटी क्षणभर थांबली. विचार केल्यासारखी. मग निघाली. सतरंजीच्या कडेकडेने, टेबलाच्या पायांमधून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला धडकून, वाट काढत कपाटाखाली गेली, आणि पलीकडून खड्‌खड् करत मागच्या दाराने अंगणात उतरून नदीकडे चालती झाली.

"अहो, हे काय!" वहिनी म्हणाली.

"वा!" सासरेबुवा ओरडले. "अठरा वर्षांनी जावई घरात खेळायला लागला!"

"बाबा," पाणसळ म्हणाले, "घर खचतंय."

"कोण म्हणतं?"

"वही म्हणते."

"मग वहीत तुझी चूक असेल."

"आहे," पाणसळ म्हणाले. "तीच सांगायला आलोय. मी पायरी तपासायला हवी होती. कधीच तपासली नाही. दरवेळी तपासली म्हणून लिहिलं."

मला राहवेना, आणि हा माझा जन्मजात रोग आहे, की मला प्रश्न पडला की तो तोंडातून बाहेर पडतोच. मी विचारलं, "या घराखाली काय आहे हो?"

सासरेबुवा एकदम खुलले. "राख!" ते म्हणाले. "माझ्या भट्टीची! मी पंचविशीत होतो तेव्हा इथे नदीचं वळण होतं, वीस फूट पाणी. आम्ही सात वर्षं रोज गाड्या भरभरून राख आणि लोखंडाची मळी टाकली. लोक म्हणायचे नदी बुजवता येत नाही. आम्ही बुजवली. मग कंपनीने वर घरं बांधली, आणि मी म्हटलं, मला इथलंच घर द्या, ही जमीन मी स्वतः..."

आणि वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. भट्टीवर काम केलेल्या माणसाला राखेबद्दल कुणी काही शिकवायची गरज नसते.

"मागच्या साली कंपनीने मागे खोल विहिरी पाडल्या," ते हळू म्हणाले. त्यांना हळू बोलताना मी तेवढंच ऐकलं. "दिवसरात्र पंप चालतात. खालचं पाणी गेलं की..." त्यांनी तळहात वर धरला आणि खाली केला. मग जावयाकडे वळले. "हे तू लिहिणार?"

"लिहिलं तर कंपनीचा इंजिनियर येईल. बहुधा ओळ रिकामी करायला सांगेल."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर चूक माझी ठरेल. मी खुंट्या मोजीन. घर मात्र खालीच जाणार."

सासरेबुवा वहिनीकडे बघायला लागले. तिने चहाचे कप गोळा करायला घेतले होते. सतरंजीवरच्या प्रत्येक कपात उरलेला चहा एका बाजूला चढलेला होता. "गेल्या वर्षापासून मी इथे राहायला आले की माझी उशी सकाळी खाली पडलेली असते," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझीच झोप बिघडली. लिहा तुम्ही."

"मी जावई बघितला तो उंची मोजणारा," सासरेबुवा म्हणाले. "आता हा माझ्या घराची खोली मोजतोय." पण ते ओरडले नाहीत.

पाणसळांनी लिहिलं. आधी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यापासून पुलापर्यंत नवी रांग केली, साहेबांना शेजारी उभं करून. खांब त्या दिवशी न्याहारी करून आला होता. टाकी आणि पूल तीन शतांशांत जुळले. मग पुलापासून उलटे पायरीपर्यंत आले: पायरी साडेपाच इंच खाली. साहेबांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि म्हणाले, "म्हणजे मोजणी बरोबरच होती."

"मोजणी बरोबर होती साहेब," पाणसळ म्हणाले. "मी चुकलो होतो." आणि अठरा वर्षांच्या वह्यांचा कबुलीजबाब त्यांच्या हातात दिला. मी तो टंकलेखनाआधी वाचला होता. त्यात 'सासरे' हा शब्द कुठेही नव्हता. 'स्थानिक परिस्थितीमुळे खूण ताडून पाहणे अवघड झाले' असं होतं. स्थानिक परिस्थिती सहा फूट उंच होती आणि ओरडून बोलायची.

भांडार टळलं. दुर्बीण त्यांच्याकडेच राहिली. सेवापुस्तकात मात्र ताकीद चढली, आणि येऊ घातलेली बढती एका तरुण माणसाकडे गेली, जो तसबिरींकडे बघतसुद्धा नसे.

सात महिन्यांनी घरांची ओळ रिकामी झाली. सासरेबुवा आपलं कपाट घेऊन पाणसळांच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. पहिल्याच दिवशी त्यांनी कपाटाखालची चकती काढली, गोटी मागितली, जमिनीवर ठेवली आणि खाली वाकून बघत बसले. गोटी हलली नाही. "ठीक आहे," म्हणाले. पुढची अकरा वर्षं ते तिथेच होते. घर गेल्याबद्दल जावयाला एक अक्षर बोलले नाहीत, पण रोज सकाळी चहाच्या वेळी ओरडून विचारत, "आज किती फुटांवर आहोत?" आणि पाणसळ, न चुकता, बाहेरच्या खुणेशी ताडून आलेला आकडा सांगत. मी एकदा म्हटलं, रोज रोज कशाला ताडून बघता, जमीन खडकाची आहे. ते म्हणाले, "बाई, सासरे घरात आहेत."

नकाशा छापून आला तेव्हा आम्ही तो माझ्या टेबलावर उलगडला. टेबलाखाली माझा हुकूम होताच. खांबालाही बोलावलं होतं. तो सवयीने स्तब्ध उभा राहिला. पाणसळांनी भिंग घेतलं आणि नदीवरून हळूहळू पुढे सरकत पुलापाशी आले. इतक्या खटाटोपाचा आकडा तिथे असणार होता.

नकाशावर उंची पुऱ्या फुटांत छापतात. पुलाशी छापलं होतं दोनशे तीन. चुकीच्या तिन्ही वह्यांप्रमाणेही दोनशे तीनच येत होतं.